सोसायटीच्या फाटकावरील ॲप आणि घरेलू कामगार महिलांचा खासगीपणा

प्रश्न:
पुण्यातील आमच्या सोसायटीत फाटकावरील नोंदवहीची जागा ॲपने घेतली आहे. कामाला येणाऱ्या महिलांचे छायाचित्र, मोबाइल क्रमांक आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेतली जाते, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा सर्व सभासदांना दिसतात आणि कामाबद्दल तारेही दिले जातात. एका घराने कमी तारे दिले की दुसरे घर काम देत नाही, आणि त्या बाईंना आपली बाजू मांडण्याची सोय कुठेच नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडताना कोणत्या कायद्याचा आधार घ्यावा?

उत्तर १:
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. मात्र मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतात. त्यामुळे सोसायटीपुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ठेवणे अधिक उपयोगी ठरेल. त्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त व विनाअट असावी लागते आणि ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. शिवाय माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. फोटो दिला नाही तर आत सोडणार नाही, असे ऐकून दिलेल्या होकाराला मुक्त संमती म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

उत्तर २:
आमच्या इमारतीत चोरी झाल्यानंतर अशीच नोंद सुरू झाली, त्यामुळे कार्यकारिणीची काळजी मला समजते. परंतु त्यासाठी कोण आत आले हे वॉचमनला ठाऊक असणे पुरते. बाई कोणत्या घरातून किती वाजता निघाल्या हे शंभर घरांना कळल्याने चोरी थांबत नाही. पंधरा मिनिटांच्या उशिराचा पगार मात्र कापला जातो, आणि सुरक्षिततेसाठी घेतलेली नोंद अशा रीतीने हजेरीपत्रक बनते. पगार कापणाऱ्या घराला तारे देण्याची सोय त्या बाईंना कोणत्याही ॲपने दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर ३:
ठरावात ताऱ्यांची सोय बंद करण्याची, वेळांची नोंद फक्त वॉचमनपुरती ठेवण्याची आणि काम सोडताच माहिती पुसण्याची मागणी स्पष्ट लिहा. आधारचा आग्रह सुटत नसेल, तर फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार मागता येते. उत्तर १ मधील डेटा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. परंतु सोसायटीला स्वतःचा ठराव आजही करता येतो. सभेपूर्वी त्या महिलांशी बोला आणि त्यांची तयारी असेल तर त्यांनाच सभेत बोलू द्या.