मदत हवी आहे: दान्तेच्या ओळीत ११ अक्षरं का भरत नाहीत?

चाफेकळी
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. परीक्षेला १९ दिवस उरलेत आणि मला अजून एन्देकासिल्लाबो, म्हणजे दान्ते वगैरे इटालियन कवींची ११ अक्षरी ओळ, मोजता येत नाही. सगळीकडे लिहिलेलं असतं की ओळीत ११ अक्षरं असतात. मी बोटांवर मोजते तर कुठे १२ भरतात, कुठे १०. यमकंही काही ठिकाणी जुळत नाहीत. सरांना विचारलं, तर "मोठ्याने वाच, कानाला कळेल" एवढंच म्हणाले. माझ्या कानाला कळत नाहीये. नेमका नियम कुणाला माहीत असेल तर सांगा. भाषांतर वाचा असं कृपया सुचवू नका, ते वाचून झालंय.

तोरीनोकर
कुठल्या ओळी? नुसतं १२ भरतात म्हटलं तर काय सांगणार? परीक्षा लेखी की तोंडी? इटलीत शिकतेस की भारतात? इटालियन कितपत येतं?

आजोळ
इटलीत नुकतीच आली असशील तर आधी पेर्मेस्सोचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं बघ. पोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत पोस्टात अर्ज भरावा लागतो. माझ्या पुतण्याने उशीर केला आणि नंतर फार मनस्ताप झाला. पावती कायम जवळ ठेव, तिची छायाप्रतही काढून ठेव.

वृत्तवेडा
यात अवघड काही नाही. ११ अक्षरांची वृत्तं आपल्याकडे कितीतरी आहेत. इंद्रवज्रा घ्या: त, त, ज, ग, ग. एकदा इंद्रवज्रेची चाल अंगात मुरली की कुठलीही ११ अक्षरी ओळ तोंडात बसते. मी शाळेत असताना गणांवरून कविता पाठ करायचो, आजही विसरलेलो नाही. रोज २० ओळी चालीवर म्हणा.

लॅटिनवाली
वृत्तवेडा, हा सल्ला तिला आणखी गोंधळात टाकेल. इंद्रवज्रेत लघु-गुरूचा क्रम ठरलेला असतो. इटालियन छंदात लघु-गुरू नाहीतच, तिथे आघात, म्हणजे उच्चारताना कुठल्या अक्षरावर जोर पडतो ते, मोजतात. ११ हा आकडा दोन्हीकडे आला म्हणून छंद एक होत नाही.

वृत्तवेडा
छंद एकच आहे असं मी म्हटलेलंच नाही. कान तयार होतो एवढंच म्हणतोय. तिचे सरही तेच सांगतात ना?

लॅटिनवाली
कान चुकीच्या ठिकाणी थांबायला शिकला, तर १९ दिवसांत तो मोडायचा कधी?

चाफेकळी
उत्तर इटलीत आहे, एम.ए.चं पहिलं वर्ष. पेर्मेस्सो झालंय, आभार. परीक्षा तोंडी आहे. प्राध्यापक कुठलंही पान उघडतात, ओळी वाचायला लावतात, मग पाराफ्राझी म्हणजे आजच्या इटालियनमध्ये अर्थ सांगायचा आणि त्यावर बोलायचं. बी.ए. मी पुण्यात इंग्रजी साहित्यात केलंय. इटालियन बोलायला अडचण नाही, हे ७०० वर्षांपूर्वीचं अवघड जातंय. अभ्यासक्रमात सिसिलियन कवी, ग्विनिझ्झेल्ली, काव्हाल्कान्ती, दान्तेच्या 'कोम्मेदिया' या महाकाव्याचे १० सर्ग आणि पेट्रार्क.
अडलेल्या ओळी:
मी रित्रोवाइ पेर ऊना सेल्वा ओस्कूरा (१२)
ओरा चेन पोर्ता लुन दे दूरी मार्जिनी (१२)
ए कोन राकेले, पेर कुइ तान्तो फे (१०)

तोरीनोकर
हे पहिल्याच वेळी लिहिलं असतंस तर! तिन्ही ओळींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एक नियम सापडत नव्हता.
पहिली ओळ: 'सेल्वा' संपतो आणि 'ओस्कूरा' सुरू होतो तिथे दोन स्वर भेटतात. वा आणि ओ मिळून एकच अक्षर धरायचं. याला सिनालेफे म्हणतात. संस्कृतातल्या संधीसारखंच, फक्त लिहिताना दोन्ही स्वर जागच्या जागी राहतात. मी-रि-त्रो-वाइ-पेर-ऊ-ना-सेल-वाओ-स्कू-रा. ११.

लॅटिनवाली
उरलेल्या दोन ओळींसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. एन्देकासिल्लाबो म्हणजे '११ अक्षरांची ओळ' ही शाळेतली व्याख्या झाली. खरी खूण अशी, की शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर पडतो. बहुतेक इटालियन शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, म्हणून दहाव्यानंतर एक अक्षर उरतं आणि ११ होतात. पण 'मार्जिनी'त आघात 'मार'वर आहे. त्यापुढे जि आणि नी अशी दोन अक्षरं उरली, म्हणून १२. 'फे'वर आघात पडून ओळ तिथेच संपली, म्हणून १०. तिन्ही ओळी निर्दोष आहेत आणि तुझी मोजणीही शेवटच्या दोन ओळींत बरोबरच होती.
'मार्जिनी' ही इन्फेर्नोच्या, म्हणजे 'कोम्मेदिया'तल्या नरक-खंडाच्या, १५व्या सर्गाची पहिलीच ओळ आहे, तिचं यमक तिसऱ्या ओळीतल्या 'आर्जिनी'शी. 'फे' ४थ्या सर्गात आहे, नोए आणि रे या शब्दांशी यमक जुळवत. तिन्ही शब्द आघातावर तुटतात, तिथे वाचताना श्वास अडल्यासारखा होतो.
दहाव्याखेरीज आणखी एक आघात सहसा चौथ्या किंवा सहाव्या अक्षरावर असतो. 'नेल मेझ्झो देल काम्मिन दी नोस्त्रा वीता' म्हणून बघ. सहावं अक्षर 'मिन', दहावं 'वी'.

मुलुंडकर
दान्तेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे 'कोम्मेदिया'ची जुनी हस्तलिखित प्रत आहे, एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने ती दहा लाख पौंडांना मागितली होती आणि संस्थेने नकार दिला, अशी कथा सांगतात. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढताना मला दर वेळी तिची आठवण येते. सुट्टीत आलीस की तिथे जरूर जा.

वृत्तवेडा
आणि १२९० साली काय झालं हे कुणी सांगितलं का? त्याच वर्षी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये दान्तेची प्रिया बेआत्रीचे गेली. एकाने संस्कृत बाजूला ठेवून मराठी घेतली, दुसऱ्याने लॅटिन बाजूला ठेवून तोस्काना प्रांताची बोली. ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा मोकळा सुटतो. तेर्झा रीमा या 'कोम्मेदिया'च्या रचनेतही तीनच ओळी, पण मधल्या ओळीचं यमक पुढच्या तिघींतली पहिली आणि तिसरी ओळ उचलते. या तुलनेवर तोंडी परीक्षेत बोललीस तर ऐकत राहतील.

तोरीनोकर
तुलना सुंदर आहे, प्रबंधासाठी राखून ठेव. इथल्या तोंडी परीक्षेत समोरच्या पानावरचं विचारतात. पाराफ्राझी अडखळली की ज्ञानेश्वरीपर्यंत पोचू देत नाहीत. मी ही परीक्षा दोनदा दिली आहे. पहिल्या वेळी ३०पैकी २१ मिळाले, ते नाकारून पुन्हा बसलो.

चाफेकळी
मार्जिनी समजलं! दोन महिने मी तीच ओळ चुकीची समजत होते. आता यमक. इन्फेर्नोच्या १०व्या सर्गात नोमे, कोमे आणि लूमे यमकात एकत्र येतात. नोमे-कोमे ठीक, लूमे कसं चालतं?

तोरीनोकर
हे तुझ्या सिसिलियन कवींकडून आलंय. सिसिलीच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाच्या दरबारातले कवी, म्हणजे सॉनेट (१४ ओळींची कविता) घडवणारा नोटरी जाकोमो दा लेन्तीनी वगैरे, सिसिलियनमध्ये लिहीत. तिथे आवीरी आणि सेर्वीरी हे चोख यमक. तोस्कानाच्या लेखनिकांनी नकला करताना शब्द आपल्या वळणाचे केले, आवेरे आणि सेर्वीरे झाले. पुढच्या कवींनी या कविता अशाच रूपात वाचल्या, त्यामुळे ए-ई आणि ओ-ऊ यांचं यमक चालतं असा रिवाज पडला. याला रीमा सिसिलियाना म्हणतात.
त्या लूमेवर तोंडी परीक्षेत नक्की थांब. तिथे काव्हाल्कान्ते आपल्या मुलाबद्दल, म्हणजे तुझ्या यादीतल्या ग्विदो काव्हाल्कान्तीबद्दल विचारतोय. दान्तेच्या तोंडून 'एब्बे' असं भूतकाळी क्रियापद निघतं आणि बाप समजतो की मुलगा मेला. त्याच्या डोळ्यांवर आता तो गोड प्रकाश पडत नाही का, असं तो विचारतो. तो प्रकाश म्हणजे हा लूमे. एका क्रियापदाच्या काळाने बाप कोसळतो. मी दर वेळी इथे वाचायचा थांबतो.

आजोळ
हे वाचून अंगावर काटा आला. मला इटालियन येत नाही, पण धागा सोडवत नाहीये.

लॅटिनवाली
चाफेकळी, पाराफ्राझीत मोठा धोका ओळखीच्या शब्दांचा आहे. अनोळखी शब्द तू शोधतेसच. दान्तेच्या सॉनेटची ओळ 'तान्तो जेन्तीले ए तान्तो ओनेस्ता पारे' घे. आजच्या इटालियनमध्ये जेन्तीले म्हणजे सौजन्यशील, ओनेस्ता प्रामाणिक, पारे म्हणजे 'वाटते'. दान्तेकडे जेन्तीले म्हणजे मनाने कुलीन, ओनेस्ता म्हणजे वागण्या-दिसण्यात शालीन आणि पारे म्हणजे स्पष्टपणे प्रकट होते. 'ती सभ्य वाटते' असं सांगितलंस तर सॉनेटचा कणाच मोडतो. समीक्षक जानफ्रान्को कोन्तीनी यांनी या एका सॉनेटवर १९४७ मध्ये लेख लिहिला तो याचसाठी. जुने अर्थ बघायला तिलिओ हा प्राचीन इटालियनचा कोश महाजालावर फुकट आहे. आजचा कोश या महिन्यात बंद ठेव.
आता हीच ओळ मोजून दाखव.

चाफेकळी
तान-तो-जेन-ती-लेए-तान-तोओ-ने-स्ता-पा-रे. ११. आघात ४, ६, ८ आणि १० वर. बरोबर?
पण 'दोल्चे कोलोर दोरियेन्ताल झाफ्फीरो' १० भरते आणि शेवटी आघात तर 'फी'वर आहे.

तोरीनोकर
पहिली अगदी बरोबर. दुसरीत छापील पान नीट बघ, 'ओरिएन्ताल'मधल्या आय अक्षरावर दोन टिंबं असतील. ती दिएरेझीची खूण. रि-एन अशी दोन अक्षरं फोडून म्हणायची: दोल-चे-को-लोर-दो-रि-एन-ताल-झाफ-फी-रो. लॅटिनमधून आलेल्या शब्दांत हे बरंच होतं.

चाफेकळी
टिंबं आहेत! मी ती छपाईची चूक समजले होते. आता पेट्रार्क: 'वोइ कास्कोल्ताते इन रीमे स्पार्से इल स्वोनो'. संधी दोन ठिकाणी, ते-इन आणि से-इल?

लॅटिनवाली
हो, दोनच. 'स्वो' फोडू नकोस, ते एकच अक्षर आणि तेच दहावं.