मदत हवी आहे : रेडिओ प्रक्षेपण सुरू होताच ५५५ टायमरचा सूर बिघडतो

नमस्कार. मोर्स की (मोर्स संकेत पाठवण्याचे बटण) दाबताना स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून मी ५५५ टायमर या चिपचे छोटे सर्किट बांधले आहे. १० व १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून सुमारे ६८५ हर्ट्झचा स्वच्छ सूर मिळतो. परंतु ७ मेगाहर्ट्झवर ५ वॅटने प्रक्षेपण सुरू करताच तोच सूर घोगरा होऊन वर चढतो आणि कीच्या वायरीजवळ नुसते बोट नेले तरी बदलतो. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, लहरी बाहेर न सोडणाऱ्या रेझिस्टरवर) मात्र काहीच बिघडत नाही, त्यामुळे अँटेनाकडूनच रेडिओ लहरी आत शिरत असाव्यात. ५५५ च्या पाचव्या पिनला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडूनही फरक पडला नाही. आता कीच्या वायरीवर फेराइट मणी (वायरीतून येणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारे कडे) चढवावा, की सर्किट पत्र्याच्या डबीत बसवावे? आधी काय करून पाहावे, हे अनुभवी हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रांनी कृपया सांगावे.