शाळेतला वर्ग आणि वर्गसंघर्षातला वर्ग, शब्द एकच कसा काय?

रिकामटेकडा४२

लोकहो एक शंका आहे, बावळट वाटली तर हसा पण उत्तर द्या. काल भाचीला समाजशास्त्राचा धडा समजावत होतो, त्यात 'वर्गसंघर्ष' आलं तर ती म्हणते मामा म्हणजे अ आणि ब तुकडीची मारामारी का? मी आधी खो खो हसलो आणि मग समजवायला गेलो तर माझीच दांडी उडाली. म्हणजे बघा, वर्ग म्हणजे खोली, वर्ग म्हणजे त्या खोलीतली पोरं, पाचाचा वर्ग पंचवीस, शिवाय मध्यमवर्ग, श्रोतृवर्ग, आणि बँकवाले पैसे 'वर्ग' करतात ते आणखी वेगळंच. क्लासचं पण तेच. क्लासला जातो, बॉसने क्लास घेतला (म्हणजे झापलं), आणि काय क्लास खेळला राव! तर शाळेतला वर्ग आणि समाजातला वर्ग यांचं खरंच काही नातं आहे, का नुसतं आडनाव सारखं म्हणून मी त्यांना भाऊ समजतोय?

जुनी_वही

नातं आहे, आणि सख्खं आहे.

मराठीतला वर्ग संस्कृत 'वृज्' धातूवरून, वळवणं, बाजूला काढणं अशा अर्थाचा. 'वर्ज्य' पण त्याच धातूतला बरं का. म्हणजे एकसारखं ते वेचून एकत्र ठेवलं की वर्ग, उरलं ते वर्ज्य. क ख ग घ ङ हा कवर्ग तसाच, अमरकोशातली प्रकरणं पण वर्गच. शाळा आणि समाज हे दोन्ही अर्थ त्याच्यावर चढले ते मुख्यतः इंग्रजी क्लासमुळे.

आणि क्लास येतो लॅटिन 'क्लासिस'वरून. रोमची परंपरा सांगते की इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सर्व्हियस टुलियस राजाने लोकांची मोजदाद करून मालमत्तेप्रमाणे पाच क्लासिस पाडले, लढाईला कोणी काय हत्यार आणायचं ते त्यावरून. मतदान पण त्यावरूनच आणि गंमत इथे आहे. एकूण गट १९३, त्यात पहिल्या क्लासचे ८० आणि त्यांच्याही वरच्या घोडेस्वारांचे १८, झाले ९८, म्हणजे बहुमत! वरच्यांचं एकमत झालं की खालच्यांना विचारायचीच गरज नाही. ज्यांच्याकडे पोरांशिवाय काहीच नाही ते 'प्रोलेटारी', कारण प्रोलेस म्हणजे संतती, त्या सगळ्यांना मिळून एक गट. मार्क्सवाल्यांचा प्रोलेटेरियट, म्हणजे कामगारवर्ग, तिथून आलाय. आणि पहिल्या क्लासचा माणूस तो 'क्लासिकस', दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो शब्द उत्तम लेखकाला लावला आणि त्यावरून झालं क्लासिक. तर तुम्ही क्लास खेळला राव म्हणता तेव्हा मुळात 'काय पैसेवाला खेळला राव' म्हणताय :D

शाळेतला अर्थ पण जुनाच आहे. पहिल्या शतकातला क्विंटिलियन, रोममधला भाषणकलेचा शिक्षक, स्वतःच्या शाळेची आठवण सांगतो, गुरुजी मुलांना हुशारीप्रमाणे क्लासिसमध्ये बसवायचे, भाषण करायची पाळी त्याच क्रमाने, आणि पहिलं बसण्यासाठी पोरं जीव टाकायची. पण दर ३० दिवसांनी परत स्पर्धा, क्रम नव्याने. मला हे फार आवडतं, कारण शब्द तोच पण शाळेत महिन्याने बदलायचा आणि बाहेर बापाच्या जमिनीवर ठरायचा.

ठोकताळा

वर छान लिहिलंय पण एक दुरुस्ती. मालमत्तेप्रमाणे पायऱ्या म्हणजे मार्क्सचा वर्ग नव्हे. वर्ग म्हणजे पगाराचा आकडा असं धरून लोक वाद घालतात आणि डोकं उठतं. मार्क्ससाठी प्रश्न आहे की कारखाना, जमीन, यंत्रं कोणाच्या मालकीची आणि कोण स्वतःचे श्रम विकून जगतो. भरपूर पगाराचा इंजिनियर श्रम विकतो आणि कर्जात बुडालेला छोटा कारखानदार विकत घेतो, मग कोण वरचा सांगा. स्वतः मार्क्सने नीट व्याख्या केलीय का तर नाही, 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडातलं वर्गांवरचं शेवटचं प्रकरण जेमतेम पान-दीड पानात तुटतं आणि पुढे काहीच नाही. त्यामुळे पुढच्यांना रान मोकळं. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने पैसा आणि प्रतिष्ठा वेगळी काढली (फाटका पंडित आणि नवश्रीमंत एकाच रांगेत बसत नाहीत), आणि आंबेडकरांनी १९१६च्या निबंधात म्हटलं की जात म्हणजे कोंडून घेतलेला वर्ग. एका वर्गातून दुसऱ्यात जायचं दार उघडं असतं का, निदान तत्त्वतः, हा मुद्दा.

खडूफळा

मी शिकवते. त्यामुळे मला हे दोन वर्ग वेगळे दिसतच नाहीत, एक दुसऱ्याच्या आत बसलेला दिसतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्न्स्टाइनच्या मांडणीतलं एक उदाहरण सांगते. पाच वर्षांच्या मुलांना चार चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली. एका प्रकारची गोष्ट अशी, 'तीन मुलं फुटबॉल खेळतायत, एकाने लाथ मारली, बॉल खिडकीतून गेला आणि काच फुटली.' दुसरी अशी, 'ते खेळतायत आणि त्याने मारला आणि तो तिकडून गेला आणि मग ते पळाले.' दुसऱ्या मुलाचं चुकलं काहीच नाही, चित्र दोघांच्या समोर आहे मग तो-ते पुरेसं आहे की. पण शाळा मार्क पहिल्याला देते, आणि पहिल्या तऱ्हेने बोलायची सवय मध्यमवर्गीय घरांत जास्त. माझ्याकडे हे रोज होतं हो, 'कोण तो? नाव घेऊन सांग' असं मी म्हटलं की काही पोरं पटकन वाक्य बदलतात आणि काही गप्पच बसतात, परत हात वर करत नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं, घरून न मागता मिळालेली भाषा, वळण, आत्मविश्वास, आणि शाळा त्यालाच 'हुशारी' समजते.

ठोकताळा

@खडूफळा, पण हे 'गरीब पोरांची भाषाच तोकडी' इकडे घसरतं ना. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॅबॉवने १९६९मध्ये याच्यावरच झोड उठवली होती, त्याचं म्हणणं मोठ्या अनोळखी माणसासमोर दबून बसलेला मुलगा दोन शब्द बोलतो, तोच मित्र बरोबर असला आणि जमिनीवर ऐसपैस बसला की बोलायचा थांबत नाही.

खडूफळा

मान्यच आहे. आणि भाषा तोकडी असं बर्न्स्टाइनला पण म्हणायचं नव्हतं, तो स्वतः वैतागायचा या अर्थाने. मी पण तेच म्हणतेय की गप्प मी केलं. आता मी आधी जोडीत बोलायला लावते, मग सगळ्यांसमोर. थोडा फरक पडतो, चमत्कार बिमत्कार नाही.

रिकामटेकडा४२

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. भाचीला क्विंटिलियनचं ते दर ३० दिवसांनी जागा बदलायचं मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणते म्हणजे दर महिन्याला परीक्षा? नको रे मामा, मी शेवटच्या बाकावर बरी आहे.

अवांतर: बँकवाल्यांच्या 'वर्ग'चं कोणीच सांगितलं नाही.

जुनी_वही

वळवणं रे बाबा. वृज्. पैसे या खात्यातून त्या खात्यात वळवले. तुमच्या सगळ्या वर्गांत धातूला सर्वात इमानदार तोच राहिलाय असं माझं मत.