मदत हवी आहे: न्यू जर्सीत स्मार्ट गन घरात आणावी का?

नमस्कार मंडळी,

एडिसनला राहतो. नवरा, मी आणि सात वर्षांची लेक. दिवाळीच्या सुमारास मागच्या रस्त्यावरची दोन देशी घरं फुटली, सोनं गेलं. आमचं सगळं बँकेच्या लॉकरमध्ये असतं, पण तेव्हापासून नवऱ्यानं बंदुकीचा ध्यास घेतलाय. एच-१बीवर होतो तोवर विषयच नव्हता, केंद्राच्या कायद्यानंच बंदी (शिकारीच्या परवान्याची पळवाट असते म्हणे). आता ग्रीन कार्ड आलं आणि स्वारीला रान मोकळं झालं.

मी नाही म्हटलं की म्हणतो, "अगं, ही साधी नाही, स्मार्ट गन आहे." कोलोराडोच्या बायोफायर कंपनीची ९ मिमी. २०२३ साली जाहीर झाली तेव्हा किंमत १,४९९ डॉलर. बोटाचा ठसा नाहीतर चेहरा ओळखते, हातातून सुटली की पुन्हा बंद. लेकीच्या हाती लागली तरी चालणार नाही, हा त्याचा हुकमाचा एक्का.

आता माझी अडचण. रविवारी दुपारी बाबा घोरत असला की आमची लेक त्याचा अंगठा हळूच उचलून फोनवर टेकवते आणि गेम लावते. मी पाहिलंय, तेव्हा हसलेही होते. उलट कणीक मळता मळता फोन वाजला तर माझ्याच बोटानं माझा फोन उघडत नाही. मग नको तेव्हा उघडायची आणि हवी तेव्हा नाही, असं तर होणार नाही ना?

थोडं वाचलं तर डोकं आणखी फिरलं. आमच्याच राज्यानं २००२ मध्ये कायदा केला होता: देशात कुठेही अशी बंदूक विक्रीला आली की तीन वर्षांनी इथे दुकानात नवी पिस्तुलं तसलीच मिळणार. झालं, बंदूकवाले पेटले. २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदारानं मनगटावरच्या खास घड्याळाच्या जोडीनं चालणारी आर्मेटिक्स कंपनीची स्मार्ट गन विकायचं ठरवलं, तर त्याला ठार मारायच्या धमक्या आल्या आणि त्यानं बेत सोडला. २०१९ मध्ये कायदा बदलला. आता मान्यता मिळालेलं एखादं मॉडेल दुकानात ठेवलं की झालं. पोरांसाठी केलेल्या कायद्यानंच त्या बंदुकीची वाट अडवली म्हणायची! आणि तीच आर्मेटिक्स २०१७ मध्ये एका हॅकरनं १५ डॉलरच्या लोहचुंबकांनी चालवून दाखवली. बायोफायरचं तंत्र वेगळं आहे, मान्य. पण ऐकून धडकी भरलीच.

परमिटच्या अर्जात नात्याबाहेरच्या दोघांची नावं लागतात. यानं ढोल पथकातल्या दोघांची देऊनसुद्धा टाकलीत, म्हणजे गणपतीपर्यंत अख्ख्या मंडळाला कळणार.

कुणी ही प्रत्यक्ष हाताळली आहे का? ओल्या, तेलकट हाताला कशी चालते? "घेऊच नका" एवढंच सांगायचं असेल तर ते मी रोज सांगतेच आहे, कारणासकट सांगा.

रानपाखरू: ताई, मी टेक्सासला असतो. माझी साधी पिस्तूल आहे, ठशाच्या छोट्या तिजोरीत. बायोफायर चालवलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. पण तुमच्याकडे भरलेली बंदूक लहान मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिजोरी धरूनच खर्च मांडा.

मूळ धागाकर्ती: धन्यवाद दादा. पण झोपलेल्या माणसाचा अंगठा त्या तिजोरीलाही चालत असेलच ना?

रानपाखरू: चालतो. माझ्या मुलानंच उघडून दाखवली, बंदूक सुदैवानं तेव्हा साफ करायला बाहेर काढलेली होती. तेव्हापासून ठसा बंद, फक्त आकडे.

मूळ धागाकर्ती: हे आज जेवताना त्याला मोठ्यानं वाचून दाखवते.