एकाच कॅलिबरच्या रायफलींचे सुटे भाग एकमेकींना का बसत नाहीत?

प्रश्न – मापनशिक्षक

मी यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मापनशास्त्र शिकवतो. सुट्या भागांची अदलाबदल हा विषय निघाला की बंदुकांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण या कल्पनेचा जन्मच बंदुकीच्या कारखान्यात झाला. थॉमस जेफरसन १७८५ साली फ्रान्समध्ये राजदूत असताना ओनोरे ब्लाँ या कारागिराने त्यांच्यासमोर बंदुकीच्या चापांचे (बार उडवणाऱ्या यंत्रणेचे) सुटे भाग मांडले. जेफरसन यांनी हाताला येईल तो तुकडा उचलून स्वतः काही चाप जुळवून पाहिले आणि ते नीट बसले. ही हकीकत सांगितली की वर्ग कान टवकारून ऐकतो.

या वेळी मात्र एका विद्यार्थिनीने मलाच पेचात टाकले. तिने विचारले, की ही कल्पना जर सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे, तर ‘एआर-१५’ या लहान कॅलिबरच्या रायफलीचे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसतात आणि तिचीच मोठी बहीण असलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या ‘एआर-१०’चे बसत नाहीत, असे का? मोठी काडतुसे, मोठे दाब, म्हणून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वेगळे, असे काहीसे उत्तर मी दिले, पण ते माझे मलाच पटले नाही.

माझा रस केवळ मापनापुरता आहे, हे आधीच सांगतो. परवान्याशिवाय बंदूक जुळवणे हा गुन्हा आहे आणि मला ती जुळवायचीही नाही. भाग जुळण्याचे किंवा न जुळण्याचे खरे कारण काय, आणि दोन भाग ‘एकाच जातीचे’ आहेत हे जाणकार कशावरून ओळखतात, एवढे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – कागदपत्रवाला

आपण वर्गात दिलेले उत्तर चुकले, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. दाबाचा किंवा आकाराचा येथे संबंध नाही. त्याचा पुरावा म्हणून ‘एम-१४’कडे पाहावे. तीही ७.६२ मिलिमीटरचीच रायफल. अमेरिकेने ती १९५७ साली स्वीकारली आणि स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखाना, विंचेस्टर, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि टीआरडब्ल्यू अशा चार ठिकाणी ती तयार झाली. टीआरडब्ल्यू ही तर मोटारींचे आणि विमानांचे भाग बनवणारी कंपनी. तरीही एका कारखान्याचा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) दुसऱ्याच्या रायफलीत नेता येईल अशीच रचना होती, कारण चौघांच्या टेबलावर एकच सरकारी ड्रॉइंग होते आणि तपासणीचे गेजही त्याच ड्रॉइंगवरून केलेले होते. म्हणजे मोठे कॅलिबर आडवे आलेले नाही.

आता दोन्ही बहिणींचे नशीब पाहू. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट या अमेरिकी कंपनीत आधी ‘एआर-१०’ घडवली, ‘एआर-१५’ नंतर तिच्यावरूनच लहान करून काढली गेली. थोरली १९५६ साली स्प्रिंगफील्डच्या चाचण्यांना गेली. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांची संयुक्त नळी चाचणीत फुटली आणि अमेरिकी सैन्याने ‘एम-१४’ निवडली. त्यानंतर नेदरलँड्समधील आर्टिलरी इनरिख्टिंगेन या कारखान्याने १९५७मध्ये परवाना घेतला. १९६०पर्यंत तेथे दहा हजारांहूनही कमी रायफली झाल्या, सुदान आणि पोर्तुगाल यांनी त्यांतल्या काही घेतल्या आणि उत्पादन थांबले. इतक्या थोड्या संख्येत ड्रॉइंग स्थिरावतच नाही, ते प्रत्येक ग्राहकाबरोबर थोडे थोडे बदलत राहते.

धाकटीचे तसे झाले नाही. आर्मालाइटने तिचे हक्क १९५९ साली कोल्टला विकले, पुढे ती ‘एम-१६’ झाली, आणि १९६७ साली अमेरिकी सरकारने कोल्टकडून उत्पादनाचे हक्क परवान्याने मिळवले. लगेच १९६८मध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांना आणि जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला, म्हणजे मोटारींचे स्वयंचलित गिअरबॉक्स बनवणाऱ्यांना, रायफलींची कंत्राटे मिळाली. गिअरबॉक्सवाल्यांना बंदूक बनवायला सांगायची, तर प्रत्येक माप, प्रत्येक टॉलरन्स, धातूचा प्रकार, उष्णता प्रक्रिया, लेप हे सारे लिहूनच द्यावे लागते. तोंडी परंपरेवर ते चालत नाही. या लिखित संचाला तांत्रिक विदासंच म्हणतात, आणि आजची ‘एआर-१५’ची अदलाबदल त्याच्यावरच उभी आहे. स्टोनर यांच्या वायूप्रणालीच्या पेटंटची मुदत १९७७मध्ये संपल्यावर जे उत्पादक या क्षेत्रात उतरले, त्यांच्यासमोर एक ठरलेले माप आधीच होते.

‘एआर-१०’चे पुनरुज्जीवन झाले ते १९९०च्या दशकात, आणि तेव्हा असा कोणताही सरकारी संच अस्तित्वात नव्हता. नाइट्स आर्ममेंटने स्टोनर यांच्यासह ‘एसआर-२५’ आणली. आर्मालाइट हे नाव विकत घेतलेल्या नव्या कंपनीने ‘एआर-१०बी’ काढली. काही वर्षांनी डीपीएमएस या कंपनीने ‘एलआर-३०८’ आणली. तिघांनी आपापली ड्रॉइंगे केली. आर्मालाइटने ‘एम-१४’च्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) फेरफार करून ते वापरले. १९९४च्या अमेरिकी कायद्याने नवी मोठी मॅगझिने नागरिकांना बंद झाली होती आणि ‘एम-१४’ची जुनी मॅगझिने बाजारात मुबलक होती, म्हणून ही निवड झाली. डीपीएमएसने मात्र ‘एसआर-२५’चा मॅगझिनचा आकार घेतला, पण नळी बसवणाऱ्या नटाचे आटे, वरच्या रेलची (दुर्बीण बसवण्याच्या पट्टीची) उंची आणि वरचा-खालचा रिसीव्हर (रायफलीचा मुख्य सांगाडा) मागे जेथे भेटतात तेथील कापाची रेषा, हे सारे आपल्या पद्धतीने ठेवले. जाणकार रायफल बाजूने पाहून पहिल्यांदा हा मागचा काप पाहतात: आर्मालाइटच्या कुळात तो सरळ तिरका असतो, डीपीएमएसच्या कुळात गोलाकार. त्यातही गंमत अशी, की डीपीएमएसने स्वतःच पुढे रेलची उंची बदलली आणि आर्मालाइटनेही नंतरच्या एका मॉडेलमध्ये ‘एसआर-२५’चे मॅगझिन स्वीकारले. म्हणून नुसते कंपनीचे नाव सांगूनही भागत नाही, कोणत्या काळातला भाग आहे हेही विचारावे लागते. शिवाय ‘एआर-१०’ हे आर्मालाइटचे व्यापारचिन्ह आहे, पण बोलताना लोक साऱ्याच कुळांना तेच नाव देतात. निम्मा गोंधळ या एका सवयीने होतो.

उत्तर – जुना आर्मरर

वरील इतिहास उत्तम आहे. मी त्यात लेथच्या बाजूची थोडी भर घालतो. माझी सारी नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफली) दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे मला उदाहरण आठवते ते बेल्जियमच्या ‘एफएएल’ घराण्याचे.

‘एफएएल’ मूळची मेट्रिक मापांची. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी ती घेतली तेव्हा ड्रॉइंगे इंचांत रूपांतरित केली आणि त्याच वेळी आपल्याला हवे ते बदलही केले. त्यातून ‘मेट्रिक’ आणि ‘इंच’ अशी दोन घराणी तयार झाली. दुरून पाहिले तर जुळ्या बहिणी. मॅगझिन मात्र लगेच सत्य सांगते. इंच घराण्याच्या मॅगझिनला पुढच्या बाजूला मोठा भरीव कान असतो, मेट्रिकच्या मॅगझिनला छोटासा दाबून काढलेला उंचवटा. त्यामुळे मेट्रिक मॅगझिन इंच रायफलीत जाते, पण खुळखुळते. इंच मॅगझिन मेट्रिक रायफलीत जातच नाही. नव्या मुलांना मी हे नेहमी हातात देऊन दाखवत असे, कारण ‘बसले’ आणि ‘जुळले’ यांतला फरक शब्दांत सांगून कळत नाही. सैल बसलेले मॅगझिन टेबलावर निर्दोष वाटते आणि चालत्या रायफलीत काडतुसाचे नाक योग्य उंचीवर आणत नाही.

आपल्याकडे इशापूरला तयार झालेली ‘१ए१’ तर या दोन्ही घराण्यांची वैशिष्ट्ये घेऊन आलेली, तरी धड कोणत्याच घराण्याची नाही. तिचे अनेक भाग ना ब्रिटिश रायफलीत जात, ना मेट्रिक. चित्र पाहून ‘हा तोच भाग’ असे म्हणणाऱ्याला आमच्या उस्तादांकडून चांगलेच ऐकावे लागे.

आता मुख्य गोष्ट. प्रश्नकर्त्यांना मापनाची आवड आहे म्हणून सांगतो. ‘एफएएल’मध्ये बोल्टचा मागचा भाग खाली झुकतो आणि रिसीव्हरमधल्या एका आडव्या पोलादी तुकड्याला टेकतो. त्याला लॉकिंग शोल्डर म्हणतात. हा तुकडा एकाच मापाचा बनवत नाहीत. थोड्या थोड्या फरकाने अनेक मापांत बनवतात, आणि त्या विशिष्ट रायफलीचे हेडस्पेस (बंद बोल्टचा चेहरा आणि नळीत काडतूस जेथे टेकते ती जागा यांतले अंतर) गेजने मोजून योग्य मापाचा तुकडा निवडला जातो. म्हणजे सैन्यासाठी लाखोंनी बनलेल्या रायफलीतही पूर्ण अदलाबदल हे ध्येय ठेवलेलेच नव्हते. नळी, रिसीव्हर आणि बोल्ट या तिन्हींच्या टॉलरन्सची बेरीज जिथे येऊन साचते, त्या एकाच जागी निवडून बसवण्याचा भाग ठेवला, आणि बाकीची रायफल मोकळी केली. बोल्टवर रायफलीचा क्रमांक कोरलेला असे तो याच कारणाने. सफाईच्या वेळी दोन जवानांचे बोल्ट बदलले गेले, तर दोन्ही रायफली दिसायला ठीकठाक आणि प्रत्यक्षात दोन्ही संशयित. एकदा परेडनंतर असे आठ बोल्ट एका ताटात एकत्र आले होते. प्रत्येकाचा क्रमांक भिंगातून वाचून, पुन्हा गेज लावूनच ते परत दिले, आणि त्या संध्याकाळचा चहा थंड झाला.

उत्तर – तीन दशांश

आर्मररसाहेबांनी हेडस्पेसचा विषय काढलाच आहे, तर आणखी एक घोटाळा येथेच मिटवावा असे वाटते. ‘कॅलिबर तेच’ हे वाक्यही पूर्ण खरे नसते.

‘.३०८ विंचेस्टर’ हे काडतूस १९५२ साली बाजारात आले आणि ७.६२ × ५१ हे नाटोने १९५४मध्ये प्रमाण केले. बाहेरून दोन्ही सारखी. पण चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या पोकळीची) मापे ठरवणारी गेजे वेगळी आहेत. नागरी ‘.३०८’चे सर्वांत लहान हेडस्पेस १.६३० इंच आणि वापरातली कमाल मर्यादा १.६३८ इंच. सैनिकी ७.६२ची सुरुवातच १.६३५ इंचाला होते आणि ‘एम-१४’च्या फील्ड गेजची मर्यादा १.६४५५ इंचांपर्यंत जाते. म्हणजे सैनिकी चेंबर एका पट्टीने ‘योग्य’ ठरत असतानाच दुसऱ्या पट्टीने ‘नापास’ ठरू शकते. सैन्याने ही ढील जाणूनबुजून दिली, कारण चिखलात आणि धुळीत बंदूक अडता कामा नये. ती ढील सहन करण्यासाठी सैनिकी काडतुसाचे पितळही जाड ठेवले.

दाबाच्या आकड्यांची तर दरवर्षी नव्याने भांडणे होतात. ‘.३०८’ची कमाल ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि ७.६२ची ५०,००० पीएसआय, असे दोन आकडे शेजारी ठेवून अनेक जण घाबरतात. जुन्या अमेरिकी सैनिकी पुस्तिकेतला ५०,००० हा आकडा तांब्याचा ठोकळा किती चेपला यावरून काढलेला आहे, त्यापुढे एकक मात्र पीएसआय छापले गेले. त्याच तांब्याच्या पद्धतीने ‘.३०८’ची मर्यादा ५२,००० येते. आधुनिक संवेदकाने मोजल्यास नाटोची मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे साधारण ६०,२०० पीएसआय. फरक उरतो तो थोडासाच. वर्गात सांगण्याजोगे उदाहरण हवे असेल, तर दोन वेगळ्या पट्ट्यांची मापे एकाच एककात लिहिल्यावर काय होते, याहून चांगले मला सुचत नाही.

कागदपत्रवाल्यांच्या एका मुद्द्याला मात्र किंचित मुरड घालावी लागेल. ‘एआर-१५’ही तितकी निष्कलंक नाही. कोल्टने काही काळ आपल्या नागरी रायफलींत रिसीव्हर जोडणारी पुढची पिन आणि चापाच्या पिना मुद्दाम मोठ्या व्यासाच्या ठेवल्या होत्या. दस्ता जिच्यावर चढतो ती मागची नळीही दोन व्यासांत मिळते: सैनिकी मापाची १.१४८ इंच आणि व्यापारी मापाची १.१६८ इंच. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक, पण व्यापारी नळीवर सैनिकी मापाचा दस्ता चढत नाही, आणि सैनिकी नळीवर व्यापारी दस्ता चढून डुगडुगतो. आर्मररसाहेबांच्या मॅगझिनचीच ही दुसरी आवृत्ती म्हणायची.

उत्तर – कागदपत्रवाला

मुरड मान्य. त्या मोठ्या पिना ड्रॉइंगमध्ये नव्हत्याच, त्या नागरी मॉडेलसाठी कंपनीने नंतर घेतलेला निर्णय होत्या, एवढेच माझ्या बाजूने नोंदवतो. ‘एआर-१०’च्या बाबतीत उलटही खरे आहे: चापाचा संच आणि पकड यांसारखे पुष्कळ छोटे भाग दोन्ही बहिणींत सारखे चालतात, कारण पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी जिथे तयार सैनिकी माप उपलब्ध होते तिथे ते आयते उचलले. जिथे लांब काडतुसामुळे ते उचलता आले नाही, म्हणजे रिसीव्हर, बोल्ट, नळीची जोडणी आणि मॅगझिन, नेमकी तिथेच तीन कुळे फुटली.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – मापनशिक्षक

सर्वांचा आभारी आहे. पुढच्या तासाला विद्यार्थिनीची जाहीर माफी मागून मी ‘एम-१४’पासून सुरुवात करणार आहे, आणि माझे दाबाचे उत्तर खोडून काढायला तिलाच सांगणार आहे. लॉकिंग शोल्डरचे उदाहरण टॉलरन्सच्या बेरजेच्या धड्यात जाईल. आतापर्यंत तिथे मी बेअरिंगच्या शिमचे (फट भरणाऱ्या पातळ चकतीचे) उदाहरण देत होतो.

आर्मररसाहेबांना एक विनंती: लॉकिंग शोल्डरची मापे किती पायऱ्यांत येत आणि प्रत्येक पायरी किती असे, ते आठवत असल्यास लिहावे. मुलांना तेवढ्यावरून मूळ टॉलरन्स किती असावे याचे गणित उलटे सोडवायला देता येईल.

उत्तर – जुना आर्मरर

आकडे आठवणीवर विसंबून देणार नाही, मापाच्या बाबतीत ती सवय वाईट. जुनी वही ट्रंकेत आहे. सापडली की पायऱ्या जशाच्या तशा उतरवून येथेच देतो.