प्रतिसाद: दिवसभर ऐकून वर दफ्तरं कशाला चाळायची?

'दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची आणि सुट्टीत पुन्हा जुनी दफ्तरं उकरायची, डोकं शिणत नाही का?' असं वर विचारलंय. मी समुपदेशनात आहे आणि सुट्टीत मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदी चाळतो, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. शिणत नाही, उलट उतारा पडतो. कागद रडत नाही, आणि घाईही करत नाही.

शिवाय काम बरंचसं तेच. माणूस काय सांगतो याइतकंच तो काय गाळतो हेही बघायचं. एकोणिसाव्या शतकातल्या मनोरुग्णालयांच्या दाखल-नोंदवहीत 'आजाराचं संभाव्य कारण' असा एक रकाना असे. त्यात शोक, कर्ज, धर्मवेड, असा एखादाच शब्द. एका शब्दात अख्खा माणूस गुंडाळलेला! मग जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद लावून बघायचे, तेव्हा कुठे त्या 'शोका'मागचं घर दिसायला लागतं.

आणि दंतकथा सोलायची मजा वेगळीच. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पिनेल या डॉक्टरने मनोरुग्णांच्या बेड्या तोडल्या, हे आम्हाला शिकताना अगदी चित्रासकट सांगितलं होतं. प्रत्यक्षात पिनेल १७९५ मध्येच तिथून दुसऱ्या रुग्णालयात गेला होता. तिथल्या बेड्या १७९७ मध्ये काढल्या त्या प्युसँ नावाच्या व्यवस्थापकाने, जो स्वतः एकेकाळी तिथलाच रुग्ण होता. (गंडमाळेचा, मनोविकाराचा नव्हे.) चित्रात मात्र डॉक्टरच!

एक पथ्य मी पाळतो. रुग्णाचं नाव सापडलं तरी ते वहीतच ठेवतो. शंभर वर्षं झाली म्हणून काय झालं, नातवंडं-पतवंडं असतातच की.