डी बँड वाढला म्हणजे अमाईन बसलं असं नाही

दादा, तुम्ही म्हणताय की ग्राफीन ऑक्साइडवर (ऑक्सिजनचे गट लागलेला कार्बनचा पातळ पत्रा) अमाईन (नायट्रोजनचा गट असलेला रेणू) लावल्यावर रामनमधे (लेझरनं घेतलेला स्पेक्ट्रम) आयडी-आयजी रेशो, म्हणजे डी आणि जी या दोन पट्ट्यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर, ०.९ चा १.१ झाला, म्हणजे जोडणी झाली. मला ते पटत नाही ओ. १३५० सेमी⁻¹ चा डी बँड फक्त कार्बनच्या जाळीतला बिघाड दाखवतो, तो कशामुळे झाला ते सांगत नाही, आणि अमाईन स्वतःच ऑक्साइडला थोडं रिड्यूस करतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी करतं, नुसतं रिडक्शन झालं तरी हा रेशो बऱ्याचदा वाढतोच.

एफटीआयआरवर (बंध ओळखायचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) पण पटकन विश्वास ठेवू नका. आमच्या खानापूरकडं जुलैमधे पाऊस लागला की केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड, यात सॅम्पल मिसळून दाबतात) गोळी प्रेसमधून काढेपर्यंत ओल धरून दुधाळ होते, आणि पाण्याचा १६३० च्या आसपासचा पट्टा बरोब्बर अमाईडच्या (अमाईन खरंच जोडलं की बनणारा बंध) जागेवर येऊन बसतो, मी त्यालाच अमाईड समजून दोन आठवडे खुश होतो. आता आधी सॅम्पल आणि केबीआर दोन्ही ओव्हनमधे सुकवून घेतो.

एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) करा. नायट्रोजनचा एन१एस पीक ४०० ईव्हीजवळ येतो, कार्बनच्या सी१एस पीकमधे सी-ओ बंधाचा २८६.५ चा खांदा कमी झाला का बघा, अमाईन इपॉक्साइडची (पत्र्यावरचा ऑक्सिजनचा एक गट) रिंग पण उघडतं हे लक्षात असू दे. पण नायट्रोजन दिसला तरी तो नुसता चिकटलेला असू शकतो, म्हणून ईडीसी (अमाईड जोडणी घडवून आणणारं रसायन) न घालता तेच अमाईन, तेवढाच वेळ, तेच तापमान ठेवून एक कंट्रोल (तुलनेचं सॅम्पल) बनवा, दोन्ही सारखेच धुवा, इथेनॉलनं सेंट्रिफ्यूज करून आणि नंतर डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून सुटे रेणू धुऊन काढणं), आणि मग दोघांचा नायट्रोजन शेजारी ठेवून बघा. बेळगावात मशीन मिळालं नाही तर धारवाडला विद्यापीठात विचारून बघा, पण कंट्रोलशिवाय सॅम्पल पाठवू नका.